दात जातो, मुळाचे काय?

समोरचा दात पडला की माणूस हसताना तोंडावर हात धरतो आणि लवकरात लवकर दंतवैद्य गाठतो. दाढ काढली तर मात्र ती जागा कुणाला दिसत नाही, दुसऱ्या बाजूने चावता येते, म्हणून वर्षानुवर्षे तशीच राहते. दात पांढरे करणे, त्यांवर पोर्सेलीनचा पातळ पापुद्रा चिकटवणे, तुटलेला कोपरा रेझिनने भरून काढणे हे सौंदर्याचे उपाय दाताच्या दिसणाऱ्या भागापुरते असतात. दात मुळासकट गेला असेल तर खरा प्रश्न हिरडीखाली असतो. तो समजला की कवळी, ब्रिज आणि इम्प्लांट या तीन पर्यायांतला फरकही समजतो.

दाताखालची बाज

दाताचे मूळ जबड्याच्या हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतुमय अस्तर असते. बाजेच्या चौकटीला सुंभ ताणून बांधावा, तसे त्यातले तंतू एका टोकाने मुळाला आणि दुसऱ्या टोकाने हाडाला धरून असतात. चावताना दात किंचित दबतो, तंतू ताणले जातात आणि हाडावर ओढ बसते. या अस्तरात चेतातंतूही असतात. भातातला खडा दाताखाली येताच जबडा थबकतो, तो त्यांच्यामुळेच. डोळे मिटून दाढांमध्ये स्वच्छ कागदाची पट्टी धरली, तर ती एकेरी आहे की चार घड्यांची हे कुणीही सांगू शकतो. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल.

हाड ही जिवंत ऊती आहे. तिच्यातल्या काही पेशी जुने हाड विरघळवतात, तर काही नवे रचतात. जेथे भार पडतो तेथे हाड टिकते, जेथे पडत नाही तेथे झिजते. जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हाडांच्या रचनेचा भाराशी असलेला हा संबंध मांडला. अंतराळवीरांची हाडे अंतराळात कमजोर होतात, त्याचे कारणही हेच. दाढ काढली की तिच्याभोवतालच्या हाडाला काम उरत नाही. पहिल्या वर्षभरातच त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि समोरच्या जबड्यातली दाढ त्या पोकळीकडे सरकू लागते. सगळे दात गेलेल्या वृद्धांचे तोंड बोळके दिसते, त्यामागे दातांइतकीच हाडाची झीज असते.

कवळी आणि ब्रिज

कवळी पूर्वी हस्तिदंताची करत, एकोणिसाव्या शतकात कडक केलेल्या रबराची होऊ लागली आणि १९३० च्या दशकापासून अ‍ॅक्रिलिकची. पदार्थ बदलले तरी तत्त्व तेच राहिले. कवळी हिरडीवर टेकते. हाडाला तंतूंची ओढ मिळत नाही, मिळतो तो वरचा दाब. म्हणून खालचे हाड झिजतच राहते आणि सुरुवातीला घट्ट बसणारी कवळी काही वर्षांनी सैल होते.

ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर टोप्या बसवतात आणि मधला खोटा दात त्या टोप्यांना जोडलेला असतो. दिसायला व चावायला हा पर्याय चांगला आहे. पण शेजारचे दात निरोगी असतील, तर त्यांचे एनॅमल कायमचे जाते. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात, त्यामुळे तासलेले एनॅमल शरीर पुन्हा बनवू शकत नाही. शिवाय खोट्या दाताखाली मूळ नसते. तेथले हाड झिजतेच.

टायटॅनियमचे मूळ

तिसऱ्या पर्यायाचा जन्म वेगळ्याच संशोधनात झाला. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी नळी प्रयोगानंतर काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिला घट्ट चिकटले होते. टायटॅनियमचा हवेशी संबंध येताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. हा थर धातूला गंजू देत नाही, आणि हाडाच्या पेशी त्याला परका न मानता थेट त्याला लागून नवे हाड रचतात. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे खुंट बसवले. ते चाळीस वर्षे टिकले.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला हा स्क्रू आणि त्यावरची टोपी. हाडाला भोक पाडताना उष्णता वाढू नये म्हणून थंड द्रावणाची धार सोडतात, कारण ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिले तरी हाडाला इजा होते. त्यानंतर हाड धरेपर्यंत बहुधा काही महिने थांबावे लागते.

येथे हाडाला भार मिळतो, पण ते तंतुमय अस्तर मिळत नाही. त्यामुळे खड्याची जाणीव बोथट होते. इम्प्लांट किडत नाही. मात्र अस्वच्छतेने भोवतालची हिरडी व हाड यांना संसर्ग होऊ शकतो. धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह हा धोका वाढवतात. वाढत्या वयाच्या मुलांना सहसा इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याच्याबरोबर सरकतात, इम्प्लांट मात्र हाडात जखडून जागच्या जागीच राहतो.

म्हणून वाचवता येण्याजोगे मूळ वाचवणे हाच पहिला पर्याय. याचा सर्वांत निकडीचा प्रसंग शाळेच्या मैदानावर येतो. खेळताना मुलाचा पक्का दात मुळासकट निखळला, तर मुळाला चिकटलेल्या अस्तराच्या पेशी थोडा वेळ जिवंत असतात. दात वरच्या भागाने उचलावा, मुळाला हात लावू नये, ते घासू नये. माती लागली असेल तर दुधाने हलके धुवावे. मूल शुद्धीवर व शांत असेल तर दात लगेच त्याच्या खाचेत बसवून रुमालावर चावायला सांगावे. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवून मुलाला ताबडतोब, शक्यतो अर्ध्या तासात, दंतवैद्याकडे न्यावे. दात साध्या पाण्यात ठेवू नये. परासरणाने पेशींत पाणी शिरून त्या फुटतात. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, कारण खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. परासरणाचा धडा शिकवताना हे उदाहरण मुलांना जरूर सांगावे. मैदानावर मित्राचा दात पडला तर तो उचलणारा पहिला हात बहुधा एखाद्या मुलाचाच असेल.