अडेलतट्टूची बाजू

६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये जर्मनीची आनिका श्लॉय तलवारबाजी आणि पोहण्यानंतर आघाडीवर होती. या खेळातील घोडेस्वारीत घोडा स्वतःचा नसे. चिठ्ठीने वाट्याला येईल तो घ्यायचा आणि वीस मिनिटांत त्याच्याशी जुळवून घ्यायचे. तिच्या वाट्याला आलेला ‘सेंट बॉय’ अडथळ्यांकडे जायलाच तयार होईना. त्याच दिवशी आधीच्या रशियन स्वारालाही त्याने दाद दिली नव्हती. श्लॉय रडत रडत चाबूक चालवत राहिली, कुंपणाबाहेरून प्रशिक्षक किम राइस्नर यांनी घोड्याला ठोसा मारला आणि त्यांना स्पर्धेतून बाहेर काढण्यात आले. श्लॉय ३१व्या क्रमांकावर फेकली गेली. जगभर संताप उसळला आणि पॅरिस २०२४ नंतर या खेळातून घोडेस्वारीच वगळण्याचे ठरले. वाद झाला तो माणसांच्या वागण्यावर. घोडा का अडला, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. एका चित्रफितीवरून त्याचे निदान करता येणार नाही, पण असा प्रश्न सोडवायचा कसा, हे पशुवैद्यकाने गेल्या काही वर्षांत बरेच स्पष्ट केले आहे.

स्वाराला पाडणारा, मागच्या पायांवर उभा राहणारा किंवा जागचा न हलणारा घोडा दिसला की ‘त्याला खोड आहे’ असे म्हणून मोकळे होण्याची रीत जुनी आहे. शास्त्रीय दृष्टीने या उत्तरात मोठी उणीव आहे, कारण ते तपासून पाहता येत नाही. उलट, ‘त्याला कुठेतरी दुखत असावे’ हे गृहीतक खरे की खोटे, ते पडताळता येते. ब्रिटनमधील पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमके हेच केले. स्वार पाठीवर असताना घोडा काय काय करतो याची लांबलचक यादी त्यांनी तयार केली आणि लंगडणाऱ्या व निरोगी घोड्यांच्या चित्रफिती पाहून ती २४ वर्तनांवर आणली. कान पाच सेकंद किंवा त्याहून अधिक मागे पाडलेले राहणे, दात विलग होतील असे तोंड दहा सेकंद उघडे राहणे, नजर एकटक ताठरणे, शेपटी एका बाजूला धरणे, वारंवार ठेचकाळणे अशा नोंदी त्यात आहेत. चोवीसपैकी आठ किंवा अधिक खुणा आढळल्या, तर हाडे, सांधे किंवा स्नायूंत वेदना असण्याची शक्यता बळावते.

या यादीतून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. उसळ्या मारणे आणि मागच्या पायांवर उभे राहणे, ही स्वाराच्या जिवावर बेतणारी वर्तने चोवीसपैकी फक्त दोन आहेत. उरलेली बावीस तुलनेने शांत आहेत आणि बहुधा कोणाच्या लक्षात येत नाहीत. डायसन आणि लिने ग्रेव्ह यांनी मालकांच्या मते ठणठणीत असलेले ५०६ क्रीडाश्व तपासले, तेव्हा जवळजवळ निम्मे घोडे लंगडत तरी होते किंवा त्यांच्या चालीत वेदनेच्या खुणा तरी होत्या. याच संशोधकांना असेही आढळले की खोगीर सतत एकाच बाजूला सरकत असेल, तर त्यामागे बरेचदा मागच्या पायाचे लंगडणे असते. त्या पायाची संवेदना भुलीच्या इंजेक्शनने घालवली की बहुतेक घोड्यांत खोगीर सरळ राहते. म्हणजे मालक वर्षभर तंग आवळत आणि गाद्या बदलत राहतो आणि तक्रार असते पायात. अशा घोड्याने एके दिवशी स्वाराला पाडले, तर ते ‘अचानक’ घडले असे म्हणणे कठीण आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : खोगीर उतरवले की हाच घोडा कुरणात छान उधळतो, मग दुखते कुठे? नेदरलँड्समधील संशोधकांनी २००४ मध्ये खोगिरावर ७५ किलो वजन ठेवून घोड्यांच्या पाठीची हालचाल मोजली. वजनाने पाठ खाली दबते, असे त्यात दिसले. घोड्याच्या छातीच्या भागात साधारणपणे १८ मणके असतात आणि त्यांतील शेवटच्या काही मणक्यांवर खोगीर व स्वार यांचा भार येतो. या मणक्यांचे वर आलेले काटे मुळातच एकमेकांच्या जवळ असतील, तर पाठ दबताच ते घासू लागतात. त्यामुळे मोकळ्या अंगाने पळणारा घोडा स्वाराखाली बिथरला, तर ते सोंग ठरत नाही. पण इथे उलट्या बाजूचा उतावीळपणाही टाळायला हवा. असे चिकटलेले काटे कोणतीही तक्रार नसलेल्या घोड्यांच्या एक्स-रेमध्येही दिसतात. एक्स-रेत दोष सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला असे होत नाही. त्या जागी भूल देऊन वागणूक सुधारते का, हे पाहिल्यावरच दोघांचा संबंध जोडता येतो.

दुसरा आक्षेप : वेदनाशामक देऊन पाहिले, काही फरक पडला नाही. फेनिलब्युटाझोनसारखी औषधे दाहामुळे होणाऱ्या वेदनेवर चालतात. प्रत्येक वेदना तशी नसते. काही घोडे, विशेषतः वसंत आणि उन्हाळ्यात, डोक्याला जोरजोरात हिसके देऊ लागतात. त्यांच्या चेहऱ्याची संवेदना वाहणारा ट्रायजेमिनल मज्जातंतू फार कमी उद्दीपनालाही प्रतिसाद देतो. नेहमीची वेदनाशामके त्यांना सहसा उपयोगी पडत नाहीत; नाकपुड्यांवर बांधलेल्या साध्या जाळीने मात्र काहींना आराम पडतो. जठरातील व्रणांची गोष्टही अशीच. घोड्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस स्रवत असते. दिवसभर चरणाऱ्या प्राण्याला तबेल्यात दोन-तीन वेळा खुराक मिळू लागला की मधल्या उपाशी तासांत हे आम्ल जठराच्या अस्तराला जाळते. तंग आवळताना चावायला धावणाऱ्या घोड्यात ही शंका घ्यावीच लागते आणि तिची खात्री दुर्बिणीच्या तपासणीनेच होते. घोडी एकाएकी वळू घोड्यासारखी आक्रमक झाली तर अंडाशयातील गाठ, एकाच बाजूने बुजणारा घोडा असेल तर डोळ्याचा आजार, हेही तपासात येते. भारतात आणखी एक शक्यता विसरून चालत नाही. काही दिवसांत चालणे, गिळणे आणि स्वभाव सगळेच बिघडले असेल तर रेबीजचा संशय धरून घोड्याच्या तोंडात हात न घालता पशुवैद्याला बोलवावे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : घोडे शिकतात. एकदा उसळी मारली आणि स्वार खाली आला, तर पाठीवरचे ओझे गेले, हे घोड्याला उमगते. पुढच्या वेळी तो लवकर उसळतो. हे खरेच आहे, आणि म्हणूनच दुखणे बरे झाल्यावरही वागणूक लगेच सुधारत नाही. नव्याने शिकवावे लागते. पण पहिली उसळी का मारली, याचे उत्तर या सिद्धांतात नाही. तिथे वेदनेची शक्यता उरतेच आणि दुखणाऱ्या घोड्याला शिस्त लावायला जाणे म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली त्याची भीती वाढवणे. स्वारच अडाणी असेल तर घोडा असाच वागणार, असेही म्हणतात. अडाणी स्वाराचा त्रास होतोच, पण डायसन यांच्या गटाने भूल देण्याआधी आणि नंतर लंगडणाऱ्या घोड्यांची तुलना केली तेव्हा, लंगडणे थांबताच वेदनेच्या खुणांची संख्या घटली. सगळा दोष स्वाराचा असता तर इंजेक्शनने ती घटली नसती. अर्थात ही यादी वेदना आहे की नाही याचा अंदाज देते, ती कुठे आहे ते सांगत नाही. पुढचे काम पशुवैद्याचे, नालबंदाचे आणि खोगीर तपासणाऱ्याचे आहे.

हे सगळे आपल्याकडेही लागू आहे. माथेरानला मोटारींना मज्जाव असल्याने अनेक पर्यटक घोड्यावर बसतात. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना अंगावरचे भोवरे बारकाईने पाहिले जातात. तेवढ्याच बारकाईने त्याची पाठ चाचपावी, लगामाची कडी घासून तोंडात जखम झाली आहे का ते पाहावे, त्याला दुडक्या चालीने सरळ रेषेत पळवून पाहावे. पाळलेला घोडा बिथरला तर कारण सापडेपर्यंत त्यावर कोणालाही बसवू नये, मोबाइलवर त्याच्या चालीचे चित्रण करावे आणि ते पशुवैद्याला दाखवावे. भाड्याच्या घोड्यावर बसणाऱ्यानेही आधी एवढे पाहावे : खोगिराखाली जखम आहे का, घोडा पाय जपून टाकतो आहे का. असेल तर पैसे परत मागायची लाज बाळगू नये. त्या घोड्यावर बसायला साफ नकार द्यावा.