हात लांबचा, हुकूम आपला

अण्णा शेवटची अडीच वर्षं अंथरुणावर होते. पक्षाघाताचा दुसरा झटका आला आणि दोन्ही हात गेले. बोलणं राहिलं, अस्पष्ट, पण घरच्यांना कळण्याइतकं. कऱ्हाडच्या घरात आई, मी आणि दिवसा येणाऱ्या मावशी मिळून त्यांचं सगळं करायचो. अंग पुसणं, कूस बदलणं, भात कालवून भरवणं. एकदा पहाटे मी पाणी प्यायला उठले, तर अण्णा टक्क जागे. डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं. काय झालं विचारलं तर म्हणाले, "नाक खाजतंय. तास झाला." हाक का नाही मारली, म्हटलं. "तुम्हाला किती वेळा उठवायचं गं?"

तो एक तास माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून हेन्री इव्हान्स यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं, तेव्हा हातातलं काम तसंच ठेवून मी शेवटपर्यंत वाचत गेले. इव्हान्स कॅलिफोर्नियातले. सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीचे आर्थिक व्यवहार सांभाळायचे. २००२ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मेंदूच्या बुडाशी पक्षाघात झाला. वाचा गेली, हातपाय गेले. राहिली ती मानेची थोडी हालचाल आणि बोटाची किंचित. मान हलवून संगणकाच्या पडद्यावरचा बाण सरकवायचा आणि बोटाने क्लिक करायचं, एवढं ते शिकले. २०१० मध्ये जॉर्जिया टेक विद्यापीठाचे चार्ली केम्प टीव्हीवर एका रोबोचं प्रात्यक्षिक दाखवत होते. ते पाहून इव्हान्स यांनी संपर्क साधला आणि विचारलं की, मला हा चालवता येईल का?

तो रोबो होता पीआर-२. मेन्लो पार्कच्या विलो गराज या प्रयोगशाळेने बनवलेला. दोन हात, दोनशे किलोंहून जास्त वजन आणि चार लाख डॉलर किंमत. तो घेऊन अभियंते इव्हान्स यांच्या मदतीला आले, 'रोबोट्स फॉर ह्युमॅनिटी' नावाचा उपक्रम उभा राहिला, आणि पडद्यावरच्या बाणाने रोबोचा हात हलवत इव्हान्स यांनी दहा वर्षांत पहिल्यांदाच स्वतःची खाज स्वतः खाजवली. दाढीही केली. हे वाचताना मला अण्णांची ती पहाट आठवली नसती तरच नवल.

फोटो सगळीकडे रोबोचे छापून आले. माझी नजर मात्र इव्हान्स यांच्या समोरच्या पडद्यावर खिळली. हात लोखंडाचा असो की प्लास्टिकचा, तो आपल्या इच्छेने हलतो की नाही हे त्या पडद्यावरची बटणं ठरवतात. तो पडदा, त्यामागचं सॉफ्टवेअर आणि त्याला पुढे मिळालेलं घरगुती रूप, यांचीच ही ओळख.

ब्राउझरमधून रोबो हलवण्याची कल्पना जवळजवळ ब्राउझरइतकीच जुनी आहे. १९९४ साली लॉस एंजेलिसमध्ये केन गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक औद्योगिक रोबो इंटरनेटला जोडला. वाळूने भरलेल्या पेटीत वस्तू पुरून ठेवलेल्या होत्या. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून क्लिक करायचं, रोबो हवेचा झोत सोडून वाळू उडवायचा आणि नंतरचं छायाचित्र पाठवायचा. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये केन टेलर यांनी ठोकळे रचणारा रोबो जोडला. पुढच्याच वर्षी गोल्डबर्ग यांनी 'टेलिगार्डन' केलं. मधोमध रोबोचा हात, भोवती खरी माती, आणि हजारो माणसं दूरवरून त्या मातीत बिया पेरताहेत, पाणी घालताहेत. १९९६ पासून २००४ पर्यंत ही बाग ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात होती. स्वतःच्या रोपाला पाणी घालायला आपण विसरलो, तर परदेशातलं कुणीतरी अनोळखी घालून जायचं. इंटरनेटची ती वर्षं आठवली की मला त्या बागेचा हेवा वाटतो.

घरात शिरायला या कल्पनेला बराच वेळ लागला. २००८ मध्ये वाऊवी कंपनीचा 'रोव्हिओ' आला. तीन चाकं, मान वर करणारा कॅमेरा, वायफाय आणि ब्राउझर. ऑफिसातून घरात फिरून यायचं, गॅस चालू राहिला का बघायचं. पण हात नव्हता. चालू राहिलेला गॅस दिसला असता, बंद करता आला नसता.

हात असलेला, घरात मावणारा आणि चार लाख डॉलर न मागणारा रोबो केम्प यांनीच पुढे आरन एडसिंगर यांच्याबरोबर केला. २०१७ मध्ये दोघांनी 'हॅलो रोबोट' ही कंपनी काढली आणि २०२० मध्ये 'स्ट्रेच' बाजारात आणला. तेव्हा किंमत अठरा हजार डॉलरच्या आत होती, वजन २३ किलो. दिसायला अगदी साधा. खाली चाकांवरची छोटी बैठक, त्यावर उभा खांब, खांबावर वर-खाली सरकणारा एकच हात. हा हात जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलसारखा एकातून एक बाहेर निघतो, आणि टोकाला रबरी कपांचा चिमटा. माणसासारखा खांदा नाही, कोपर नाही. पहिल्यांदा पाहताना हे उणं वाटतं. पडद्यासमोर बसलं की त्यामागचं शहाणपण कळतं. पीआर-२ च्या हाताला सात सांधे होते. कुठला सांधा किती वळवला की पंजा कुठे जाईल, हे माणसाच्या डोक्यात सहज बसत नाही. स्ट्रेचचं गणित लहान मुलालाही समजावं असं आहे. वर-खाली, आत-बाहेर, पुढे-मागे. मनगट वळव. चिमटा उघड, मीट. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं अर्धं काम यंत्र घडवणाऱ्यानेच करून ठेवलं.

उरलेलं अर्धं काम वॉशिंग्टन विद्यापीठात माया चाकमाक यांच्या प्रयोगशाळेत झालं. तिथल्या संशोधक विनिता रंगनेनी आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेचसाठी ब्राउझरमधून चालणारा पडदा तयार केला. वेगळं यंत्र घ्यायला नको, काही बसवायला नको. लॅपटॉप किंवा फोन उघडायचा. पडद्यावर रोबोचे तीन डोळे, म्हणजे तीन कॅमेऱ्यांची चित्रं दिसतात. एक खांबावरून खाली बघतो, सगळी जमीन दाखवतो. रोबोची चाकं चालवताना तो कामाचा. दुसरा मान फिरवणारा. तिसरा चिमट्याजवळ, कारण पेला चिमट्याच्या पुढे आहे की अजून चार बोटं लांब, हे वरच्या डोळ्याला कळत नाही. एक सोय मला फार आवडली. सांगितलं तर मान फिरवणारा डोळा चिमट्याच्या मागोमाग आपोआप जातो, जशी हाताबरोबर आपली नजर जाते. ज्याला एकेक क्लिक कष्टाचं आहे, त्याचे कित्येक क्लिक तिथे वाचतात.

कष्टाच्या क्लिकचा विचार या सॉफ्टवेअरमध्ये जितका केला आहे, तितका मी दुसऱ्या कुठल्या पडद्यावर पाहिलेला नाही. बटण तीन तऱ्हांनी चालतं. एक, दाबलं की ठरावीक टिचभर हालचाल आणि थांब. दुसरी, दाबून धरलं तोवर चालत राहा. तिसरी, एकदा क्लिक केलं की सुरू, पुन्हा केलं की बंद. ज्याचं बोट दाबलेलं राहत नाही, त्याला दुसरी तऱ्हा छळ वाटेल. ज्याला क्लिक करायलाच वेळ लागतो, त्याला तिसरीत रोबो वेळेवर थांबवता येणार नाही. म्हणून निवड वापरणाऱ्याकडे. वेगही त्याने ठरवायचा. बटणं आणि कॅमेऱ्यांच्या खिडक्या पडद्यावर हव्या तिथे ओढून ठेवता येतात, नको त्या काढून टाकता येतात. अपंगत्व दोन माणसांत सारखं नसतं, म्हणून पडदाही दोन माणसांत सारखा असायला नको, एवढं ध्यानात ठेवून कुणीतरी हा कोड लिहिला.

आता अंतराची गोष्ट. पुण्यात म्हातारे आई-वडील आणि बे एरियात मुलगा, असं घर आपल्याकडे आता नवलाचं नाही. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ मोजलं तरी साडेतेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हुकूम जायला आणि चित्र परत यायला, वाटेत कुणीही अडवलं नाही तरी, सेकंदाचा सातवा-आठवा भाग गेलाच. केबल सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत राऊटर असतात, चित्र दाबून-उलगडून पाठवावं लागतं. त्यामुळे खरा उशीर याहून मोठा, आणि तो सतत कमी-जास्त होणारा. हे ज्ञान इंटरनेटच्या आधीचं आहे. १९६०च्या दशकात एमआयटीमध्ये विल्यम फेरेल यांनी उशिराने हलणारा यांत्रिक हात माणसांच्या हाती देऊन पाहिला. कुणी न शिकवता माणसं एकच युक्ती करू लागली. थोडं हलवायचं, थांबायचं, काय झालं ते बघायचं, मग पुन्हा थोडं. टिचभर हालचालीचं ते पहिलं बटण याच युक्तीचं रूप आहे. चंद्रावरचं यंत्र पृथ्वीवरून कसं चालवायचं, या तेव्हाच्या प्रश्नाचं उत्तर आज रजई ओढताना उपयोगी पडतं.

उशिराहून वाईट असतो शिळा हुकूम. वेब पान किंवा ईमेल पाठवताना इंटरनेट एकही तुकडा हरवू देत नाही. वाटेत पडला तर पुन्हा पाठवतं. रोबोला हे घातक. दोन सेकंदांपूर्वीचा 'पुढे जा' आत्ता पोचला आणि समोर आजी बसलेली असली तर? म्हणून चालू हालचालीच्या बाबतीत हरवलेलं हरवू द्यायचं आणि ताज्या हुकमावर चालायचं. आणि रोबोने सतत कान लावून बसायचं. पडद्याकडून ठरलेल्या वेळात काही ऐकू आलं नाही, तर जिथे असेल तिथे थांबायचं. वायफाय गेलं, वीज गेली, चालवणाऱ्याच्या घरी लॅपटॉप मिटला, थांबायचं. वीज जाण्याचा आपल्याकडे ज्याला अनुभव आहे, त्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

दोन घरांची गाठ पडते कशी, हेही बघण्यासारखं आहे. घरातल्या रोबोला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ता नसतो. राऊटरच्या आडोशाला तो बसलेला. बाहेरून कुणी दार ठोठावलं तर ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून दोघेही आपापल्या घरातून बाहेर पडून एका मध्यस्थाकडे जातात. लग्न जुळवणाऱ्या काकांसारखं त्याचं काम. दोघांचे पत्ते एकमेकांना द्यायचे आणि बाजूला व्हायचं. मग चित्र, आवाज आणि हुकूम थेट जातात, कुलूपबंद होऊन. थेट वाट सापडलीच नाही, तरच दुसऱ्या एका सर्व्हरच्या हातून निरोप न्यायचे. व्हिडिओ कॉलसाठी तयार झालेली ही वेबआरटीसी नावाची पद्धत २०२१ मध्ये अधिकृत मानक झाली. लेकरांशी ब्राउझरमधून व्हिडिओवर बोलताना आपण बहुधा तीच वापरतो. स्ट्रेचच्या पडद्याने तीच उचलली.

कुलुपाचा उल्लेख मी जाता जाता केला, पण मला त्याची खरी काळजी आहे. २००९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्याच दुसऱ्या संशोधकांनी रोव्हिओसह तीन घरगुती रोबो तपासले आणि त्यांच्या सुरक्षेत मोठी भोकं दाखवून दिली. इशारा स्पष्ट होता. तरी २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या काही घरांतले इकोव्हॅक्स कंपनीचे केर काढणारे रोबो परक्यांनी ताब्यात घेतले. त्यांच्या स्पीकरमधून घरच्यांना शिव्या ऐकाव्या लागल्या. केर काढणाऱ्याला हात नव्हता, हेच नशीब. अंथरुणावरच्या माणसाच्या तोंडाशी चमचा नेणारा हात कुणा तिसऱ्याच्या ताब्यात जाणं, ही कल्पनाही मला सहन होत नाही. घराची किल्ली आपण शेजारच्या काकूंकडे ठेवतो ती त्यांना ओळखून. सॉफ्टवेअरमध्ये ती ओळख पासवर्डने आणि गुप्त लिपीने करावी लागते, आणि ती तपासणी रोबोने स्वतः करायला हवी, नुसत्या ॲपने नव्हे.

२०२५ मध्ये 'वन-एक्स' कंपनीने 'निओ' हा दोन पायांचा घरगुती रोबो वीस हजार डॉलरला जाहीर केला. त्याला जमणार नाही ते काम, मालकाने वेळ ठरवून परवानगी दिली तर, कंपनीचा माणूस त्याच्या डोळ्यांतून बघत दुरून करणार. तंत्र जवळपास तेच. पण घर आपलं आणि हात परक्याचा. काहींना हे सोयीचं वाटेल, माणसं धूसर दाखवण्याची तजवीजही त्यांनी सांगितली आहे. तरी माझं मन इव्हान्स यांच्या बाजूने आहे. तिथे पडद्यासमोर बसलेला माणूस आणि ज्याचं नाक खाजतंय तो माणूस एकच आहे.

२०२३ मध्ये स्ट्रेच आठवडाभर इव्हान्स यांच्या घरी होता. रंगनेनी आणि मंडळी सोबत होती, एक ऑक्युपेशनल थेरपिस्टही. त्या दिवसांत इव्हान्स यांनी स्वतःच्या हुकमाने घास खाल्ला, डोकं खाजवलं. त्यांच्या पत्नीने हीच कामं चुटकीसरशी केली असती; इव्हान्स यांनी क्लिक क्लिक करत, टिचभर टिचभर हात पुढे नेत, वेळ घेऊन केली. कुणाला उठवावं लागलं नाही.

आणि त्याच आठवड्यात ते त्याच रोबोने नातीशी खेळले. पडद्यावर खेळाचं बटण नव्हतं. वर-खाली, आत-बाहेर, पुढे-मागे, चिमटा उघड, चिमटा मीट. त्यातूनच त्यांनी खेळ काढला.