मोबाइलमधली बंदूक आणि कोतातली बंदूक

जळगाव-धुळ्याकडे बीजीएमआय खेळणारं कुठलंही पोरगं एम-फोर-वन-सिक्सला कुठली गोळी लागते ते झोपेतून उठवलं तरी सांगेल. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी आली, 2 जुलै 2021 ला त्याच खेळाने बीजीएमआय हे नवं नाव घेतलं, 2022 मध्ये तोही दहा महिने गायब झाला. पण जमलेले स्क्वाड मोडले नाहीत. आमच्या स्क्वाडमध्ये एक निवृत्त फौजदार आहेत. सुरुवातीची नोकरी धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस दलात, गट 6 मध्ये, आणि पुढची जिल्हा पोलिसांत. नातवाने त्यांच्या मोबाइलवर गेम घालून दिला आणि ते रमले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांचे अंगठे हळू चालतात, पण कुणी जखमी पडला की सगळ्यात आधी तेच धावतात. आणि बंदुकीबद्दल कुणी काही ठोकून दिलं, की माइक चालू ठेवून शांतपणे दुरुस्त करतात. त्यांच्यामुळे गळून पडलेले समज मला लिहून काढावेसे वाटतात, कारण आपल्या भागात या विषयातलं अज्ञान खेळापुरतं राहत नाही.

गेममधल्या बंदुका हुबेहूब खऱ्या असतात, हा पहिला समज. दिसायला त्या बऱ्याच खऱ्या आहेत. पण खेळ सोपा व्हावा म्हणून गोळ्यांचे प्रकार एकत्र केलेले आहेत. ज्या कार-नाइन्टी-एटला आपण 7.62 ची गोळी भरतो, त्या जर्मन रायफलची खरी गोळी 7.92 मिलिमीटरची. वजनाचं तर विचारूच नका. पोलिसांकडची जुनी थ्री-नॉट-थ्री चार किलोच्या आसपास भरते. ती खांद्याला लावून रात्रभर पहारा दिलेल्या माणसाला, दोन रायफली पाठीवर टाकून नदी पोहणारं पात्र पाहून काय वाटत असेल! खरी गोळी लागल्यावर पट्टी बांधून, एनर्जी ड्रिंक पिऊन कुणी उठत नाही. मोठी रक्तवाहिनी फुटली तर हातात मोजकी मिनिटं असतात. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि 108 ला फोन करायचा, आपल्या हातात असतं ते एवढंच.

सायलेन्सर लावला की बंदुकीचा आवाजच येत नाही, हा समज सिनेमानेही पक्का केला आहे. रायफलचा बार साधारण 160 डेसिबलचा असतो. सायलेन्सर तो 130 च्या आसपास आणतो, म्हणजे तरीही कान बधिर करणारा. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका सायलेन्सरने थांबतच नाही. भारतात तर परवानाधारकालाही तो बाळगता येत नाही.

“आप्पा, तुमच्याकडे घरी रिव्हॉल्व्हर असेल ना?” हा प्रश्न प्रत्येक नवा खेळाडू विचारतो. नसते. सरकारी हत्यार सरकारचंच. ते कोतात, म्हणजे शस्त्रागारात, राहतं. ड्यूटीला घेताना नोंदवहीत हत्याराचा नंबर आणि राउंडची संख्या लिहून सही करायची, परतल्यावर तितकेच राउंड मोजून द्यायचे. निवृत्त झालेल्या पोलिसाला स्वतःचं हत्यार हवं असेल, तर त्यालाही इतरांसारखाच परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.

आप्पा सरावाच्या गोळीबाराबद्दल सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. गोळ्या झाडून झाल्या की खरं काम सुरू व्हायचं: रिकाम्या पुंगळ्या वेचण्याचं. जितके राउंड दिले तितक्या पुंगळ्या कोत हवालदारापुढे मोजून टाकायच्या. एक जरी कमी पडली, तर अख्खी तुकडी वाकून गवतात हात घालून शोधत बसायची, आणि उन्हात तापलेलं पितळ बोटांना चटके द्यायचं. गोळी झाडण्याच्या अधिकाराचंही तसंच. अटकेला विरोध झाला तर पोलीस गरजेपुरतं बळ वापरू शकतात. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, अशाला अटक करताना ठार मारण्याचा हक्क कायदा देत नाही. ही तरतूद जुन्या फौजदारी संहितेत होती, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

गेममधल्या या गोळ्यांपैकी कितीतरी आपल्याच जळगाव जिल्ह्यात तयार होतात, हे मात्र स्क्वाडमधल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. भुसावळजवळच्या वरणगावला 1964 पासून आयुध निर्माणी आहे. 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आली. 5.56 आणि 7.62 मिलिमीटरची काडतुसं तिथे बनतात. गेममध्ये जमिनीवरून उचलतो ते आकडे खऱ्या पितळात ओतणारी माणसं आपल्या शेजारच्या बसथांब्यावर उभी असतात, याचा मला अभिमान वाटतो. प्रत्येक काडतुसाच्या बुडावर निर्माणीची अक्षरं आणि वर्ष उमटवलेलं असतं.

आता ज्या समजाने आपल्याकडे पोरं तुरुंगात जातात, त्याकडे येतो. “कट्टा काय, बॉर्डरवर मिळतो, आणि त्याला नंबरच नसतो, म्हणून माग लागत नाही.” चोपडा तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. पिढ्यानपिढ्या हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार कारागिरांपैकी काहींनी तिथे गावठी पिस्तुलांचा धंदा चालवला. संपूर्ण समाजाला त्यावरून बोल लावणं अन्यायाचं आहे, पण धंदा खरा आहे. 2025 च्या फेब्रुवारीत तिथे कारवाईला गेलेल्या चोपडा पोलिसांच्या पथकावर हल्ला झाला, एका पोलिसाला पळवून नेलं गेलं आणि नंतर सोडलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी या गावावर छापा घालून भट्ट्या मोडल्या. पुण्यात सापडणाऱ्या कट्ट्यांचा माग काढत ते इथवर आले होते. म्हणजे माग लागतो.

तो कसा लागतो, तेही आप्पांनी समजावलं. नंबर नसला तरी कट्ट्याची पिन काडतुसाच्या बुडावर आपटते तेव्हा तिथे खूण पडते, आणि प्रत्येक पिनची खूण वेगळी. घटनास्थळी मिळालेली पुंगळी आणि जप्त केलेला कट्टा न्यायसहायक प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहतात.

दुसरं म्हणजे कट्टा धरणाऱ्यालाच धोका असतो. कारखान्यातली बंदूक विक्रीआधी जास्त दाबाचं काडतूस झाडून तपासलेली असते. गावठी नळीची अशी तपासणी कुणी केलेली नसते, ती हातातच फुटू शकते. आप्पांनी नोकरीत असा एक पंजा पाहिला आहे. त्याबद्दल ते एका वाक्यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

आणि रील? कमरेला कट्टा खोचून गाण्यावर चालत येणारा व्हिडिओ हा स्वतःहून दिलेला पुरावा ठरतो. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद. बनवलं किंवा विकलं तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. “मित्राचा होता, फोटोपुरता धरला” हे प्रत्येक पोलीस ठाण्यात रोज ऐकू येणारं वाक्य आहे, आणि तेवढ्यावर सुटका होत नाही.

परवाना असला की सगळं माफ, असंही नाही. तो जिल्हाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल मागवून. वय किमान 21 लागतं. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. 9 मिलिमीटरचं पिस्तूल, जे गेममध्ये कुणी उचलतही नाही, ते सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. वरातीत हवेत बार काढला, तर परवानाधारकालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि गच्चीवर उभ्या बाईमाणसाचा जीव घेण्याइतक्या वेगाने येते.

आईवडिलांचा समज उलटा असतो: बंदुकीचा गेम खेळला की पोरगं गुंड होतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, की अशा खेळांचा प्रत्यक्ष हिंसक गुन्ह्यांशी कारणसंबंध दाखवणारा पुरेसा पुरावा नाही. झोप आणि अभ्यास बिघडतो ती तक्रार रास्त आहे, त्यावर भांडा. आमचे आप्पा रात्री साडेदहाला “चला भो, झोपा आता” म्हणून लॉबीतून निघतात, आणि ते गेल्यावर बहुतेक जण निघतात.

ज्याला खरोखर नेम धरायचा आहे, त्याला सरळ वाट आहे. कॉलेजात एनसीसी असेल तर .22 ची रायफल उस्तादांच्या देखरेखीत झाडायला मिळते. नेमबाजीच्या क्लबात बाराव्या वर्षापासून प्रशिक्षण घेता येतं, आणि तिथे सुरुवात हवेच्या रायफलीने होते. आमच्यातला सगळ्यात धाकटा यंदा एनसीसीत नाव देतोय. आप्पांनी त्याला पहिला नियम आत्ताच पाठ करून घ्यायला लावलाय: हातात आलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं, आणि रिकामी असल्याची खात्री झाली तरी तिची नळी माणसाकडे वळवायची नाही.