तळ्यातला गणपती आणि आमचा वाडा

“आजोबा, तळ्यातला गणपती म्हणता, मग तळं कुठंय?”

सारसबागेत नातीने हा प्रश्न टाकला आणि माझ्या हातातली भेळ हातातच राहिली. देवळाभोवतीचे कमळांचे पाणी मी तिला दाखविले. “एवढंसं?” ती म्हणाली. मग मला सांगावेच लागले, “बाळ, आपण बसलोय ना, ते तळंच!”

खरोखरच तसे आहे. नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले आणि मध्यभागी बेट राखले. त्या बेटावर १७८४ साली सवाई माधवरावांनी गणपतीचे देऊळ बांधले. दर्शनाला नावेतून जावे लागे. पुढे तळे सरले आणि स्वातंत्र्यानंतर महापालिकेने त्या जागी बाग फुलविली. शेजारी १९५३ मध्ये पेशवे उद्यान झाले. तेथली फुलराणी १९५६ मध्ये धावू लागली. तिच्यात बसण्यासाठी माझ्या वयाच्या किती पुणेकरांनी लहानपणी हट्ट केला असेल, ते ज्याचे त्यानेच आठवावे!

परतताना आम्ही शनिवारवाड्यावरून आलो. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला. आत सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे उडे, ते बाळ पेशव्याच्या कौतुकासाठी. १८१७ साली वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८२८ च्या आगीत आतले सारे लाकूडकाम जळाले. उरले बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती. आज त्या जोत्यांमधल्या हिरवळीवर कोणीही तिकीट काढून फिरते. ज्या दारातून आत जायला एके काळी मानकरी असावे लागे, तेथून माझी नात खाऊची पुडी घेऊन आत गेली!

पेशव्यांनी केलेल्या गोष्टींपैकी आज आपल्या अंगाखांद्यावर काय उरले, असा विचार करता मला वाटते, महालापेक्षा मोकळी जागाच जास्त टिकली. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी आणलेले पाणी शनिवारवाड्याला मिळे, तसेच शहरातल्या हौदांनाही मिळे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातही असा एक हौद आहे, कडेला पारिजातक. चार बिऱ्हाडांच्या लेकरांनी त्या अंगणात गुडघे फोडून घेतले.

आता हा वाडा पाडायचा आहे. भिंती खचल्या आहेत, पावसाळ्यात छत गळते. हट्ट धरण्यात अर्थ नाही. नकाशात अंगणाच्या जागी गाड्या आहेत. मी म्हटले, “पारिजातकापुरता कोपरा सोडा.” बिल्डर अदबीने म्हणाले, “काका, तेवढ्यात दोन गाड्या बसतात.”

बिऱ्हाडकरूंची गेल्या रविवारी बैठक झाली. दोघांनी मान हलविली, एकाने घड्याळ पाहिले. मी एवढेच विचारले, “तळं बुजलं तर तिथं बाग झाली. अंगण बुजलं तर मुलांनी जायचं कुठं?” उत्तर कोणी दिले नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “आमची गाडी बाहेर लावू आम्ही.”

एक गाडी कमी झाली. अजून एकीचा प्रश्न आहे. कागदावर सही व्हायची आहे, आणि दिवाळीच्या पहाटे अंगणात पारिजातकाचा सडा पडला आहे.