बुडालेल्या जहाजाची जबानी

१४ ऑगस्ट २०१३. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मुंबईच्या नौदल गोदीत धक्क्याला लागलेल्या ‘आयएनएस सिंधुरक्षक’ या पाणबुडीत स्फोट झाले, आगीचा लोळ कुलाब्यातल्या इमारतींवरून दिसला आणि पाणबुडी उभ्या जागी बुडाली. आत तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक होते. अठरापैकी एकही वाचला नाही. शेजारची ‘सिंधुघोष’ किरकोळ नुकसानीवर निभावली. रशियातल्या गोदीत मोठी दुरुस्ती होऊन सिंधुरक्षक परत आली, त्याला वर्षही झालं नव्हतं.

त्याच दिवशी नौदलाने चौकशी मंडळ नेमलं आणि अहवालासाठी चार आठवड्यांची मुदत दिली. पण ज्या पाणबुडीची चौकशी करायची, ती पाण्याखाली चिखलात होती. आत शिरणाऱ्या पाणबुड्या जवानांना हात दिसेल इतकाही उजेड नव्हता, वाटा वितळलेल्या पोलादाने बंद झाल्या होत्या, आणि मिळालेल्या मृतदेहांची ओळख डीएनए चाचणीने पटवावी लागली. पाणबुडी वर काढण्याचं काम एका परदेशी कंपनीला द्यावं लागलं. ती वर आली जून २०१४ मध्ये. तोवर मंडळापुढे होते ते कागद, बाहेरच्या साक्षी आणि तर्क.

जगातल्या प्रत्येक नौदलाला चौकशी मंडळाची ही व्यवस्था या ना त्या रूपात ठेवावी लागते. आपल्याकडे तिला सरसकट ‘बोर्ड ऑफ इन्क्वायरी’ म्हणतात. जहाज खडकावर चढलं, दोन जहाजांची टक्कर झाली, आग लागली, माणूस समुद्रात पडला, शस्त्र हरवलं, कुणावर गैरवर्तनाचा आरोप झाला, की वरिष्ठ अधिकारी मंडळ नेमतो. एक अध्यक्ष आणि त्याच्याबरोबर त्या त्या विषयाचे जाणकार सदस्य: कुणी नौकानयनातला, कुणी इंजिनांचा, कुणी शस्त्रांचा. नेमणुकीच्या आदेशातच प्रश्न लिहून दिलेले असतात. काय घडलं, कशामुळे घडलं, नियम काय होते, ते पाळले गेले का, नुकसान किती, पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं.

मंडळ शिक्षा देत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. शिक्षा हे कोर्ट मार्शलचं काम. १९५७ च्या नौदल कायद्यानुसार कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच आणि जास्तीत जास्त नऊ अधिकारी बसतात. तिथे आरोपपत्र असतं, बचाव असतो, आणि निकाल मान्य नसेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. जहाज मुद्दाम गमावणं आणि निष्काळजीपणाने गमावणं, असे दोन्ही गुन्हे कायद्यात आहेत. पण त्याआधीची पायरी मंडळाची, आणि माझ्या मते अधिक मोलाची तीच. शिक्षा झाली तर एका माणसाला होते. कारण सापडलं तर पुढच्या जहाजावरची माणसं वाचतात.

मंडळाचं रोजचं काम पाहिलं तर त्यात नाट्य फारसं नसतं. आधी सगळ्या नोंदवह्या ताब्यात घ्यायच्या. पहाऱ्यावरचा अधिकारी तासातासाला जहाजाची दिशा, वेग आणि स्थान जिथे लिहितो तो डेक लॉग. इंजिन खोलीची वही, बिनतारी संदेशांची नोंद, पेन्सिलीच्या रेघा असलेला नकाशा, रडारवर जे साठवलं गेलं ते. खाडाखोड झाली असेल तर ती कधी झाली, हेही बघायचं. मग माणसं. सुकाणूवर कोण होतं, त्याला हुकूम कुणी दिला, तो त्याने मोठ्याने परत म्हटला का, शेवटची झोप कधी मिळाली होती. सर्वांत कनिष्ठ खलाशाचीही जबानी घ्यायची, कारण पुष्कळदा अपघाताचं पहिलं चिन्ह त्यालाच दिसलेलं असतं. वीस वर्षांच्या पोराला कमोडोरसमोर बसवून ‘तुमच्या साहेबांनी काय केलं?’ असं विचारायचं आणि त्याने खरं सांगावं अशी अपेक्षा करायची. या व्यवस्थेतला सर्वांत अवघड क्षण हाच.

आजच्या पद्धतीची मुळं ब्रिटिश रॉयल नेव्हीत आहेत. तिथे जहाज गेलं की वाचलेल्यांवर कोर्ट मार्शल ठरलेलंच. दोष असो वा नसो. ‘बाउंटी’वरच्या बंडानंतर होडीतून जीव वाचवून परतलेल्या कप्तान ब्लाय यांनाही १७९० मध्ये त्यातून जावं लागलं. ते निर्दोष सुटले. या रिवाजातून एकदा मात्र अतिशय धाडसी निकाल बाहेर पडला. ७ सप्टेंबर १८७० च्या पहाटे स्पेनच्या फिनिस्टर भूशिराजवळ ‘एचएमएस कॅप्टन’ ही नवीकोरी युद्धनौका वादळात उलटली. सुमारे ४८० माणसं गेली. त्यांत तिचा आराखडा करणारे काउपर कोल्झ होते आणि नौदलमंत्री चिल्डर्स यांचा मुलगाही होता. फिरत्या बुरुजातल्या अवजड तोफा आणि वर पूर्ण शिडांचा भार असं ते जहाज. त्यात बांधणीत वजन वाढल्याने पाण्याच्या वर आठ फूट राहायची ती बाजू जेमतेम साडेसहा फूट राहिली. नौदलाचे मुख्य रचनाकार रीड यांनी आधीपासून विरोध केला होता. पण कोल्झ यांच्या बाजूने वर्तमानपत्रं आणि संसद उभी होती.

वाचले होते अठराच्या आसपास लोक. रिवाजाप्रमाणे खटला भरला तो त्यांच्यावर: एक तोफची आणि काही खलाशी. त्यांना दोषमुक्त करून कोर्ट तिथेच थांबलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण तसं झालं नाही. जहाज किती कलल्यावर परत उभं राहू शकतं याची गणितं कोर्टापुढे आली. ‘कॅप्टन’ची सावरण्याची ताकद साधारण २१ अंशांनंतर घसरू लागते, तर त्याच काळातल्या ‘मोनार्क’ची ४० अंशांपर्यंत टिकते, हे मांडलं गेलं. निकालात स्पष्ट लिहिलं गेलं की हे जहाज लोकमताच्या दबावाखाली, नौदलाच्याच तांत्रिक खात्याचं मत डावलून बांधलं गेलं. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या स्मारकावर तो निकाल आजही वाचता येतो. मूठभर खलाशांवरच्या खटल्यातून संसदेला आणि लोकमताला जबाबदार धरणारं वाक्य निघावं, हे मला त्या काळाच्या मानाने थक्क करणारं वाटतं.

याच्या अगदी उलट चौकशी अमेरिकेत झाली. १९ एप्रिल १९८९ रोजी पोर्तो रिकोजवळ सराव चालू असताना ‘यूएसएस आयोवा’च्या दुसऱ्या क्रमांकाच्या बुरुजात, मधल्या सोळा इंची तोफेत स्फोट झाला. ४७ नौसैनिक ठार झाले. पहिली चूक लगेचच झाली. तपास नीट सुरू होण्याआधीच बुरुज धुऊन पुसून काढला गेला आणि बराच मोडतोडीचा ऐवज समुद्रात टाकला गेला. दुसरी चूक म्हणजे चौकशीचं स्वरूप. एवढ्या मोठ्या दुर्घटनेला एका अधिकाऱ्याची अनौपचारिक चौकशी नेमली गेली, जबान्या शपथेवर नव्हत्या. मृतांपैकी एका नौसैनिकाने आपल्या विम्याचे पैसे एका मित्राच्या नावे ठेवले होते. त्या धाग्यावरून तपास त्याच्या खाजगी आयुष्यात शिरला, तो मित्र कोण, नातं काय, याच्या कुजबुजी वर्तमानपत्रांत पोचल्या. मेलेल्या माणसाच्या मनाचं विश्लेषण मागवलं गेलं, आणि सप्टेंबरमध्ये नौदलाने जाहीर केलं की बहुधा यानेच हेतुपुरस्सर स्फोट घडवला. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही.

त्याच्या घरच्यांनी ते स्वीकारलं नाही. अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांनी नौदलाला धारेवर धरलं आणि सँडिया या सरकारी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांना तपासात आणलं. त्यांनी माणसाचं मन सोडून दारूच्या पिशव्यांकडे पाहिलं. दारू दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली होती. स्फोटाच्या वेळी यांत्रिक ठोसणीने पिशव्या नळीत हव्या त्याहून जवळजवळ दोन फूट पुढे रेटल्या गेल्या होत्या. प्रत्येक पिशवीच्या टोकाला वजन जुळवण्यासाठी दारूच्या काही कांड्या आडव्या रचत. त्या थरात कांड्या कमी असतील आणि पिशवी जोरात दाबली गेली, तर कांडी फुटून ठिणगी पडू शकते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मे १९९० मध्ये नौदलाच्या डाहलग्रेन केंद्रात पिशव्यांच्या चळतीवर वजन टाकून बघण्याचे प्रयोग झाले. सतरा वेळा काही झालं नाही. अठराव्या वेळी स्फोट झाला. नौदलाला सोळा इंची तोफांचा वापर थांबवून चौकशी पुन्हा उघडावी लागली. ऑक्टोबर १९९१ मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल केल्सो यांनी स्फोटाचं निश्चित कारण सांगता येत नाही असं सांगितलं आणि त्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली.

‘सॅबोटाज’, म्हणजे घातपात, हा शब्द सोयीचा का असतो, ते इथे कळतं. दोष एका मृत व्यक्तीवर गेला की दारूसाठ्याची देखभाल, प्रशिक्षणातली ढिलाई, तोफांवर परवानगीविना चाललेले प्रयोग, हे सगळे प्रश्न आपोआप मिटतात.

त्याच नौदलाने २०१७ मध्ये वेगळा मार्ग धरला. जूनमध्ये जपानजवळ ‘फिट्झजेराल्ड’ची एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन सात जण गेले, ऑगस्टमध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ची तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन दहा. काही महिन्यांत दोन्ही अहवाल लोकांपुढे ठेवले गेले. ‘मॅकेन’चा अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. सुकाणूचं नियंत्रण टचस्क्रीनवरून नकळत शेजारच्या खुर्चीकडे गेलं, सुकाणूवाल्याला वाटलं जहाज ताब्यात राहिलं नाही. दोन मळसूत्री पंख्यांचा वेग एकत्र कमी व्हायला हवा होता, कमी झाला एकाचाच, आणि जहाज डावीकडे वळत तेलवाहूच्या पुढ्यात गेलं. पहाऱ्यावरचे काही जण दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले. त्यांना ही पडद्यांची मांडणी नीट शिकवलेलीच नव्हती. अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, पण तेवढ्यावर भागलं नाही: वेगनियंत्रणासाठी टचस्क्रीनऐवजी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं नौदलाने ठरवलं.

आपल्याकडे परत येऊ. जानेवारी २०११ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘विंध्यगिरी’ला एका व्यापारी जहाजाची धडक बसली, आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच बुडाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर भरून दोन अधिकारी गेले, त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. डिसेंबर २०१६ मध्ये ‘बेतवा’ सुक्या गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली, दोघे गेले. गोदीत पाणी सोडल्यावर जहाज ठोकळ्यांवरून सुटून तरंगू लागतं, तो काळ सर्वांत नाजूक असतो. तेव्हाच ती कलंडली. जानेवारी २०२२ मध्ये ‘रणवीर’वर स्फोट होऊन तिघे, जुलै २०२४ मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’च्या आगीत एक. हे सगळं मुंबईत किंवा मुंबईच्या पाण्यात घडलं. प्रत्येक वेळी चौकशी झाली, प्रत्येक वेळी बातमी आली की मंडळ नेमलं. अहवालात काय होतं, हे मात्र आपल्याला तुकड्यातुकड्यांनीच कळतं, आणि तेही बहुतेक दुसऱ्याच्या तोंडून.

हे दुसरं तोंड म्हणजे कॅग, अर्थात भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक. २०१७ च्या अहवालात कॅगने २००७-०८ ते २०१५-१६ या काळातल्या ३८ नौदल अपघातांचा आढावा घेतला. सिंधुरक्षकच्या बाबतीत, चालक दलाच्या थकव्याचा नीट अंदाज घेतला गेला नव्हता आणि पाणबुडीवर वेगवेगळ्या प्रकारचा दारूगोळा एकत्र होता, हे लोकांना तिथून कळलं. सुरक्षेसाठी नौदलाने २०१४ मध्ये वेगळी यंत्रणा उभी केली, पण तिला सरकारची मंजुरी मिळालेली नव्हती, हेही तिथेच कळलं.

गुप्ततेची गरज मला मान्य आहे. पाणबुडी किती खोल जाते, तिच्यात कोणते पाणतीर आहेत, हे कुणी छापा म्हणत नाही. ब्रिटनमध्ये असे मजकूर काळे करून उरलेला अहवाल प्रसिद्ध होतो, आणि २०१५ पासून तिथे अपघातांची चौकशी नेमणारी संरक्षण सुरक्षा संस्था नौदलाच्या नेहमीच्या हुकूमसाखळीबाहेर आहे. आपल्याकडे ज्या कमांडने परवानग्या दिल्या, तीच मंडळ नेमते आणि अहवाल तिच्याकडेच जातो. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही अशा वेळी हात आखडता घ्यावासा वाटला तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

संरक्षण मंत्रालयाने दोन गोष्टी कराव्यात. माणूस दगावलेल्या प्रत्येक अपघाताची चौकशी संबंधित कमांडबाहेरच्या मंडळाकडे द्यावी. आणि संवेदनशील भाग झाकून तिचा अहवाल ठरलेल्या मुदतीत संसदेपुढे ठेवावा, त्याआधी त्याची प्रत मृतांच्या कुटुंबाला द्यावी. सुरुवात सिंधुरक्षकच्या अहवालापासून करता येईल; ती पाणबुडी सेवेतून गेली आहे आणि २०१७ मध्ये खोल अरबी समुद्रात बुडवली गेली आहे.