वजन बेताचं, तरी पोट का सुटतं?

कुळगावातून सकाळची लोकल धरणारी मंडळी हमखास विचारतात, "वजन तर बेताचंच आहे, मग पोटच का सुटलंय?" याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२!

आता पोटावर चरबी दोन जागी साठते. कातडीखालची चिमटीत येते, हलते, आपल्याला लाज तिचीच वाटते. आतड्यांभोवतीची दिसत नाही, पण मधुमेहाचा धोका जास्त तिचाच. पोटाच्या व्यायामाने स्नायू घट्ट होतात. वरची चरबी तिथल्या तिथे वितळत नाही. घाम काढणारे पट्टे? नुसतं पाणी जातं. चरबी सगळ्या अंगातून उतरते, तीही सावकाश. रोज अर्धा तास भरभर चाला, आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा, आणि रात्री उशिरा घरी पोचल्यावर भात कमी, उसळ जास्त घ्या. बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूंत फट राहिली असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पोट आत ओढायचं नाही हं! पुरुषांचं माप ९० सेंटिमीटरच्या, बायकांचं ८०च्या पुढे असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या.