माउन : ओकावांगोचा विमानतळ

उत्तर बोट्स्वानातल्या माउनला मोठी विमानं मोजकीच उतरतात. छोट्या सेसना विमानांची ये-जा मात्र दिवसभर चालू असते. ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशातल्या बऱ्याच कॅम्पांना रस्ताच नाही, प्रवासी थेट मातीच्या धावपट्टीवर उतरतात. म्हणून सामानाचा नियम कडक: साधारण २० किलो, कॅमेऱ्यासकट, तेही मऊ पिशवीत. चाकांची टणक बॅग विमानाच्या पोटातल्या अरुंद कप्प्यात शिरतच नाही. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. हत्ती-पाणघोड्यांनी पाण्यातून पाडलेल्या वाटा वरून स्पष्ट दिसतात. अंगोलाच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचं पाणी इथे काही महिन्यांनी, ऐन कोरड्या जून-ऑगस्टमध्ये भरतं. जनावरं पाहायला तोच काळ सर्वांत उत्तम. २०१४ साली ओकावांगो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं १,०००वं स्थळ ठरलं.